९१ पैकी ४, ९० पैकी १३

गोव्यातल्या ग्रामीण आणि शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मार्च २०१५ ते जून २०१७ या काळात ६० वर्षांवरील १८१ जणांवर एक चाचणी झाली. कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडले होते. ९१ जणांना ताण हाताळायला शिकवले गेले, उरलेल्या ९० जणांना नेहमीचे उपचार मिळत राहिले. बारा महिन्यांत पहिल्या गटातल्या ४ जणांना नैराश्याचा आजार झाला, दुसऱ्या गटातल्या १३ जणांना. टक्केवारी अनुक्रमे ४.४० आणि १४.४४. फरक १० टक्क्यांचा, म्हणजे दहा जणांना शिकवले तर वर्षभरात एकाचा आजार टळला.

शिकवणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे औपचारिक शिक्षणही त्यांच्याकडे नव्हते. या कामापुरते तयार केलेले ते समुपदेशक होते. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस, पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी उभी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले. सहभागींचे सरासरी वय ६९.६ वर्षे होते आणि १८१ पैकी ११४ स्त्रिया होत्या, म्हणजे ६३ टक्के.

निवड कोणाची झाली, हे या आकड्यांइतकेच महत्त्वाचे. नैराश्याचा आजार असलेले लोक चाचणीत घेतले नव्हते. झोप लागत नाही, काळजी सुटत नाही, कशात मन रमत नाही, पण निदान व्हावे इतके काही नाही, असे लोक घेतले. घरातल्या भाषेत ज्याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि ज्यासाठी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही, ती ही अवस्था. चाचणीचा प्रश्न आजार बरा होतो का हा नव्हता. आजार येण्याआधी अडवता येतो का, हा होता.

देशाच्या पातळीवर हा प्रश्न किती लोकांचा आहे, याचा अंदाज ‘लासी’ या पाहणीतून येतो. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० जणांची ही पाहणी केली. त्यात ३१,४६४ जण ६० वर्षांवरचे होते. ‘तुम्हाला नैराश्य असल्याचे कोणा डॉक्टरने सांगितले आहे का’ या प्रश्नाला त्यांच्यापैकी ०.८ टक्के ‘हो’ म्हणाले. त्याच लोकांना लक्षणांची प्रश्नावली दिली, तेव्हा संभाव्य नैराश्य ८.३ टक्क्यांमध्ये निघाले. दहा जणांमागे एकाला ठाऊक, नऊ जणांना नाही.

टक्क्यांची माणसे करू. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोक १०.३८ कोटी होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे आहेत: २०२१ साठी १३.८ कोटी, २०३१ साठी १९.४ कोटी. पहिल्या दहा वर्षांत वाढ एक तृतीयांश, दुसऱ्या दहा वर्षांत ४० टक्के. १३.८ कोटींना ८.३ टक्के लावले तर १.१५ कोटी लोक येतात, ०.८ टक्के लावले तर ११ लाख. मधले सुमारे १.०४ कोटी लोक आपल्याला आजार आहे हे माहीत नसताना जगत आहेत.

लासीने आणखी एक मोजपट्टी वापरली होती. ती सौम्य लक्षणेही टिपते. त्या मोजपट्टीवर ६० वर्षांवरील सुमारे ३० टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. ३० मधून ८.३ वजा केले तर साधारण २२ टक्के, म्हणजे ३ कोटी लोक उरतात. मोजपट्ट्या दोन असल्याने ही वजाबाकी ढोबळ आहे. पण गोव्याच्या चाचणीत ज्यांना घेतले तशा लोकांची संख्या लाखांत नाही, कोटींत आहे, एवढे तिच्यातून कळते.

आता मनुष्यबळ. भारतात एक लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अपेक्षा ३ ची सांगितली जाते. १४० कोटींच्या हिशेबाने ही संख्या सुमारे १०,५०० भरते. एका ज्येष्ठाला शिकवायला पाच तास लागतात असे धरू, म्हणजे आठ बैठका आणि प्रत्येकी ३५-४० मिनिटे. ३ कोटी लोकांना १५ कोटी तास लागतील. एक माणूस वर्षाला समोरासमोरचे १,००० तास देऊ शकतो असे धरले, तर देशातले सगळे मानसोपचारतज्ज्ञ बाकीचे रुग्ण सोडून याच कामाला लागले तरी १४ वर्षे जातील. तितक्या वर्षांत आज सत्तरीत असलेला माणूस चौऱ्याऐंशीचा होईल. तेच काम एका वर्षात उरकायचे असेल तर दीड लाख समुपदेशक हवेत. देशात आशा कार्यकर्त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. दीड लाख ही संख्या उभी न करता येणारी नाही. पाच तास आणि हजार तास ही गृहीतके माझी आहेत; ती दुप्पट किंवा निम्मी केली तरी मानसोपचारतज्ज्ञांच्या बाजूचे उत्तर बदलत नाही.

गोव्यात नेमके काय शिकवले? ‘ताण घेऊ नका’ असे नाही. अभ्यासक्रमाचे भाग चार होते: अडचण सोडवण्याची पद्धत, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या नेहमीच्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यायची याची माहिती, आणि आरोग्याच्या व सामाजिक योजनांपर्यंत पोहोचण्यासाठी मदत. यात प्राणायाम नाही, प्रवचनही नाही.

अडचण सोडवण्याच्या पद्धतीला ठरलेल्या पायऱ्या असतात. अडचण एका वाक्यात मांडायची, काय साधायचे ते ठरवायचे, सुचतील तेवढे मार्ग लिहायचे, प्रत्येकाचा फायदा-तोटा पाहायचा, एक निवडायचा, तो कधी आणि कसा करायचा ते ठरवायचे, आणि पुढच्या बैठकीत काय झाले ते तपासायचे. उदाहरण म्हणून हयातीचा दाखला घेऊ. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनधारकाला तो द्यावा लागतो. वयाने बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, यंत्र ते ओळखत नाही, बँकेची दुसरी खेप पडते आणि महिनाभर ‘पेन्शन बंद होणार’ हाच विचार डोक्यात फिरत राहतो. ‘मला काही जमत नाही’ ही अडचण सुटत नाही. ‘३० नोव्हेंबरपूर्वी दाखला द्यायचा आहे आणि ठसा उमटत नाही’ ही सुटते: चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आहे, बँकेत कागदावर देता येतो, आणि ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय निवृत्तांसाठी खिडकी १ ऑक्टोबरलाच उघडते. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर माणसाला आणणे, हे शिकवणाऱ्याचे काम.

झोपेच्या भागाचे आकडे अभ्यासक्रमाबाहेरही मिळतात, आणि या विषयातले सर्वांत ठळक आकडे तेच आहेत. २०११ मध्ये पिट्सबर्गला डॅनियल बायसी यांच्या गटाने निद्रानाश असलेल्या ७९ ज्येष्ठांवर चाचणी केली. सरासरी वय ७१.७. एका गटाला छापील माहिती दिली, दुसऱ्याला दोन प्रत्यक्ष बैठका आणि दोन फोन. सगळे मिळून सुमारे दोन तास, तेही चार आठवड्यांत. सुधारणा झालेले ६७ टक्के विरुद्ध २५ टक्के. निद्रानाश पूर्ण गेलेले ५५ टक्के विरुद्ध १३ टक्के. इथे एकाला फायदा व्हायला दहा जणांना शिकवावे लागत नाही. अडीच जण पुरतात.

नियम चार आहेत. अंथरुणातला वेळ कमी करा. रोज एकाच वेळी उठा, रात्र कशीही गेली असली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. झोप लागत नसेल तर अंथरुणात राहू नका. पहिला नियम लोकांना उलटा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब पाहू. रात्री ९ ला पाठ टेकणारा आणि सकाळी ६ ला उठणारा माणूस साडेपाच तास झोपत असेल, तर अंथरुणातल्या ९ तासांपैकी ६१ टक्के वेळ तो झोपलेला असतो. बाकीचे साडेतीन तास काळजीचे. नियम असा की सरासरी झोपेत अर्धा तास मिळवा आणि तेवढाच वेळ अंथरुणात घालवा, पण ६ तासांपेक्षा कमी नाही. या माणसासाठी ते ६ तास होतात: रात्री १२ ते सकाळी ६. झोप साडेपाच तासच राहिली तरी झोपेचे प्रमाण ९२ टक्के होते. जाग्या काळजीचे तीन तास यात वजा होतात. आपल्या घरांमध्ये ज्येष्ठांना प्रेमाने ‘लवकर पडा, विश्रांती घ्या’ सांगितले जाते. या हिशेबात तो सल्ला बसत नाही. दुपारच्या वामकुक्षीचे तासही याच खात्यातून जातात.

शिकवण्याची दुसरी परंपरा ध्यानाची. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगता अभ्यासक्रम जगभर चालतो. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, म्हणजे २० तास. एक दिवसभराचे सत्र. आणि आठवड्यातले सहा दिवस घरी ४५ मिनिटांचा सराव, म्हणजे आणखी ३६ तास. एकूण साठीच्या पुढे. झोपेच्या अभ्यासक्रमाच्या तीसपट.

या साठ तासांतून काय मिळते, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही एकाच वर्तुळातल्या संशोधकांकडून आली आहेत. २०१७ मध्ये सेंट लुईस आणि सॅन दिएगो इथल्या ६५ वर्षांवरील १०३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना चिंता किंवा नैराश्य होते आणि विसरायला होते अशी तक्रारही होती. सजगता शिकलेल्या गटाची काळजी कमी झाली, नैराश्य कमी झाले, स्मरणशक्तीही सुधारली. मग मोठी चाचणी झाली: ६५ ते ८४ वयोगटातले ५८५ जण, ज्यांना विस्मरणाची तक्रार होती पण स्मृतिभ्रंश नव्हता. त्यांचे चार गट केले: सजगता, व्यायाम, दोन्ही मिळून, आणि फक्त आरोग्यविषयक वर्ग. ५६८ जण, म्हणजे ९७ टक्के, सहा महिने टिकले. ज्येष्ठांच्या चाचणीत इतकी उपस्थिती दुर्मीळ. २०२२ मध्ये ‘जामा’त निष्कर्ष आला: सहा महिन्यांनी स्मरणशक्ती किंवा नियोजनक्षमतेत सजगता किंवा व्यायामामुळे फरक पडला नाही.

१०३ जणांत दिसलेला फायदा ५८५ जणांत नाहीसा झाला. दोन्ही अभ्यासांत माणसे वेगळी होती. पहिल्यातली आजारी होती, दुसऱ्यातली बरीचशी निरोगी. तरी एक गोष्ट धरून चालता येते. ताण हाताळायला शिकवण्याचा परिणाम मनःस्थितीवर शोधावा. स्मरणशक्तीवर तो होईल असे सांगून वर्ग भरवू नयेत. शहरांत लागणाऱ्या ध्यानवर्गांच्या फलकांवर ‘एकाग्रता आणि स्मरणशक्ती’ हे शब्द पहिल्या ओळीत असतात. त्या ओळीला ५८५ जणांच्या चाचणीचा आधार नाही.

गोव्याचे बाकीचे आकडे या निरीक्षणाशी जुळतात. मानसिक त्रासाच्या १२ गुणांच्या प्रश्नावलीवर शिकवलेल्या गटाचा गुणांक दुसऱ्या गटापेक्षा १.१८ ने कमी राहिला. बोधनक्षमतेत, दैनंदिन कामातल्या अडचणींत आणि शरीराच्या वजन-उंची गुणोत्तरात फरक नव्हता. मन सुधारले, गुडघे नाही. ‘जीवनमान’ या शब्दात दोन्ही येतात, हा मोजणाऱ्यांपुढचा जुना पेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत आणि ते चार क्षेत्रांत विभागले आहेत: शरीर, मन, नाती, परिसर. ज्येष्ठांसाठीच्या पुरवणीत आणखी २४ प्रश्न आहेत. त्यात ऐकू येणे-दिसणे, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणे, चारचौघांत सहभाग, जवळीक आणि मरणाविषयीची भीतीही मोजली जाते. ताण हाताळायला शिकवणे यातल्या काही खणांना हात लावते, सगळ्या नाही.

एक आकडा मात्र अपेक्षेबाहेरचा आहे. शिकवलेल्या गटाचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा ६.९८ ने कमी निघाला. याची तुलना कशाशी करायची? ४८ चाचण्यांतल्या ३,४४,७१६ जणांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात गोळ्यांनी वरचा रक्तदाब ५ ने उतरला की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे १० टक्क्यांनी घटतात असे दिसले. गोव्यातली घट त्या ५ पेक्षा जास्त आहे. ती गोळ्या नियमित घेतल्यामुळे झाली, झोप सुधारल्यामुळे की काळजी घटल्यामुळे, हे या चाचणीतून सांगता येत नाही. चार भाग एकत्र दिले. कोणत्या भागाने काय केले हे वेगळे काढता येत नाही. शिवाय दुसऱ्या गटाकडे कोणी समुपदेशक फिरकलाच नव्हता. कोणीतरी नेमाने येऊन आपले ऐकते, याचाही परिणाम असू शकतो. अमेरिकेतल्या ५८५ जणांच्या चाचणीत तुलनेच्या गटालाही वर्ग होते, गोव्यात नव्हते. दोन्हींच्या निकालांतला थोडा फरक इथून आलेला असू शकतो.

गोव्याचा या विषयाशी संबंध त्याआधीचा आहे. २०१० मध्ये ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष आले. नाव ‘मनःशांती सुधार शोध’ या शब्दांवरून घेतलेले. २४ दवाखाने, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, आणि २,७९६ रुग्ण. समुपदेशकांची मदत मिळालेल्या सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जिथे ती नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडे जाणाऱ्याला ऐकून घेणारा माणूस आधीच मिळालेला असतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. २०१७ मध्ये त्याच राज्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांच्या उपचाराची चाचणी झाली. लक्षणे ओसरलेले ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के. पण या चाचणीत प्रवेशाचे वय १८ ते ६५ होते. सहासष्टाव्या वर्षी नैराश्य आलेल्या माणसाबद्दल तिला काही सांगायचे नाही.

अशा मोजणीतून कोणीतरी बाहेर राहणे हा अपवाद नाही. देशाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना असल्याचे निघाले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता, गोवाही नव्हता. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या ज्येष्ठांचे प्रमाण ११.२ टक्के होते, केरळच्या खालोखाल, महाराष्ट्रात ९.९ टक्के, संख्येने १.११ कोटी. दोन्ही देशाच्या ८.६ टक्के सरासरीच्या वर. ज्या राज्यांत ज्येष्ठांचा वाटा सरासरीहून जास्त, त्यांतली ही दोन राज्ये ८५ टक्क्यांच्या त्या आकड्याबाहेर राहिली.

महाराष्ट्राने या क्षेत्राला दिलेली एक गोष्ट मात्र जगभर गेली. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांतल्या बागांत सकाळी हात वर करून हसणारे ज्येष्ठ दिसतात, आणि पाहणाऱ्याला ते थोडे गमतीचे वाटते. त्याची नियंत्रित चाचणी तेहरानमध्ये झाली. नैराश्याची लक्षणे असलेल्या ७० वृद्ध स्त्रिया, तीन गट: हास्ययोग, सामूहिक व्यायाम, आणि काहीच नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६० जणींची माहिती आहे. हास्ययोग आणि व्यायाम, दोन्हींनी नैराश्य कमी झाले आणि दोन्हींत फरक करता आला नाही. जगण्याबद्दलचे समाधान मात्र काहीच न करणाऱ्या गटाच्या तुलनेत फक्त हास्ययोगाच्या गटात वाढले. प्रत्येक गटात २० जणी उरल्या होत्या, त्यामुळे यावर इमला चढवू नये. पण हसणे आणि कवायत यांचा परिणाम सारखाच निघाला असेल, तर दोन्हींत समान काय होते ते पाहावे लागते: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ओळखीची माणसे.

ती माणसे कोणाला मिळत नाहीत? लासीनुसार ६० वर्षांवरील ५.७ टक्के लोक एकटे राहतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के विधवा होत्या. पुरुषांत विधुर १५ टक्के. याच वयात साक्षर पुरुष ५९ टक्के, साक्षर स्त्रिया २८ टक्के. हे आकडे शेजारी ठेवले की शिकवण्याची रीत ठरते. जोडीदार नसलेली आणि वाचता न येणारी स्त्री ही या वर्गाची मुख्य विद्यार्थिनी आहे. तिला पुस्तिका देऊन उपयोग नाही आणि मोबाइलवरचे अ‍ॅप देऊनही नाही. पायऱ्या ‘लिहायच्या’ असतील तर त्या बोटांवर मोजता येतील अशा कराव्या लागतात. विरंगुळा केंद्रे आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे सकाळचे कट्टे पाहिले तर बाकांवर पुरुष जास्त दिसतात. वर्ग तिथे भरवला तर ही विद्यार्थिनी हजेरीपटावर येणार नाही. दूरध्वनीची सोय आहे: टेली-मानस १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, ऑक्टोबर २०२१ पासून. अडलेल्या वेळी फोन उपयोगी पडतो. आठ आठवडे कोणीतरी मागे लागून शिकवणे हे वेगळे काम आहे.

आणि काही ताण शिकवून जाणारे नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५००. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत २०२३ मध्ये रक्कम १,००० वरून १,५०० झाली. वाढ ५० टक्के, दिवसाला ५० रुपये. पन्नास रुपयांत दिवस कसा काढायचा हा प्रश्न अडचण सोडवण्याच्या पायऱ्यांत बसवता येतो, पण सुचतील त्या मार्गांची यादी लवकर संपते. गोव्याच्या अभ्यासक्रमात योजनांपर्यंत पोहोचवण्याचा चौथा भाग होता, तो याचसाठी.

खर्चाचा हिशेब करू. समुपदेशकाचा पगार महिना २५,००० धरला तर वर्षाला ३ लाख. १,००० तासांनी भागले की तासाला ३०० रुपये, पाच तासांचे १,५००. प्रशिक्षण, देखरेख आणि प्रवासासाठी तेवढेच आणखी धरले तर माणशी ३,००० रुपये. गृहीतके पुन्हा माझी. हा आकडा महाराष्ट्रात ओळखीचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी ही रक्कम आहे, आणि शासन निर्णयात मनःस्वास्थ्य केंद्र व योगोपचार केंद्राचाही उल्लेख आहे. साधनांची नावे एकेक करून दिली आहेत.

माणशी ३,००० आणि दहा जणांमागे एक आजार टळला, म्हणजे एक आजार टाळण्याचा खर्च ३०,००० रुपये. पण ‘दहा’ या आकड्याकडे पुन्हा पाहायला हवे. दोन्ही गट मिळून नैराश्य आलेले लोक फक्त १७ आहेत. शिकवलेल्या गटात ४ ऐवजी ६ जण आजारी पडले असते, तर माझ्या हिशेबाने फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला उतरला नसता. दोन माणसांवर निष्कर्ष तोललेला आहे. त्याच आकड्यांवरून फरकाचा ९५ टक्के विश्वासार्हतेचा पट्टा काढला तर तो १.६ ते १८.४ टक्के येतो. म्हणजे एकाचा आजार टाळायला पाच जणांना शिकवावे लागेल किंवा साठ जणांना. खर्च १६,००० रुपये असेल किंवा १ लाख ८० हजार. पहिल्या टोकाला ही योजना कोणीही मंजूर करील. दुसऱ्या टोकाला अर्थखात्याने प्रश्न विचारलेच पाहिजेत.

चाचणी १,००० जणांची केली आणि फरक गोव्याइतकाच निघाला, तर तोच पट्टा आकुंचन पावून ७ ते १५ जणांवर येतो. खर्च २२,००० ते ४६,००० रुपयांच्या दरम्यान. अशा चाचणीत शिकवायचे ५०० जण. माणशी ३,००० प्रमाणे शिकवण्याचा खर्च १५ लाख रुपये, वयोश्रीच्या ५०० लाभार्थ्यांना जातात तेवढेच.